‘अबाइड विथ मी’ नक्की कुणाचं?

जानेवारी संपत आला की आमच्या नात्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा वाद हमखास निघतो. दिल्लीच्या विजय चौकात २९ जानेवारीला होणाऱ्या बीटिंग रिट्रीटमध्ये, म्हणजे प्रजासत्ताक दिनाची सांगता करणाऱ्या लष्करी बँडच्या सोहळ्यात, अनेक दशकं वाजणारं ‘अबाइड विथ मी’ हे इंग्रजी ख्रिस्ती भजन २०२२ मध्ये वगळलं आणि त्या वर्षी तिथे ‘ऐ मेरे वतन के लोगों’ वाजलं. एक काका म्हणतात, “इंग्रजांचं होतं, गेलं ते बरं झालं.” मावसबहिणीचं उत्तर ठरलेलं, “गांधीजींचं आवडतं होतं.” मग माझ्याकडे बोट: तू तर इंग्लंडमध्येच राहतोस, तूच सांग.

सांगतो. इथे मे महिन्यात लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर एफए कप या फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना सुरू होण्याआधी हे भजन म्हणतात. प्रथा १९२७ची, त्या वर्षी कार्डिफ सिटीने आर्सेनलला १-० हरवलं होतं. बिअर प्यायलेले, गळ्यात क्लबाचे मफलर घातलेले हजारो लोक मृत्यूच्या वेळी देवाला ‘जवळ राहा’ म्हणून विनवतात आणि पाच मिनिटांत रेफरीला शिव्या देऊ लागतात. यातले बहुतेक चर्चमध्ये लग्न नाहीतर मयत असेल तरच जात असावेत. २०२१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे ४६.२ टक्के निघाले, पहिल्यांदाच निम्म्याहून कमी. तरी भजन टिकलं, कारण ते कुणी कुणावर लादत नाही आणि कुणाला त्यात साम्राज्य दिसत नाही. दिसावं तरी कसं? लिहिणारा हेन्री फ्रान्सिस लाइट डेव्हनमधल्या ब्रिक्सहॅम या मासेमारीच्या गावचा पाद्री. क्षयाने खंगून १८४७ मध्ये गेला. लॉर्ड कर्झनशी त्याचा काय संबंध!

म्हणून काकांचं कारण मला पटत नाही. बीटिंग रिट्रीट हा सोहळाच ब्रिटिश लष्करी रिवाजातून आला. बॅगपाइप अजून वाजतात. आणि त्याच २०२२च्या कार्यक्रमाचा शेवट ‘सारे जहाँ से अच्छा’ने झाला. ते लिहिणाऱ्या इक्बालांनी पुढे १९३०मध्ये अलाहाबादला वायव्येतल्या मुस्लिम राज्याची कल्पना मांडली. तरी गाणं राहिलं, आणि राहायलाच हवं. मग कर्त्याचं मूळ तपासायचा नियम एकाच गाण्याला का?

मावसबहिणीचंही पूर्ण पटत नाही, हेही लिहितो. गांधीजींना आवडायचं म्हणून एखादी धून कायमची वाजलीच पाहिजे असं नाही. सोहळे बदलतात. शिवाय नवं गाणं काय कमी तोलाचं आहे? प्रदीपांचे शब्द, पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांची चाल, १९६३च्या जानेवारीत दिल्लीत लताबाईंचा आवाज. मराठी घरात त्याविरुद्ध बोलायची सोयच नाही! दिल्लीत ‘अबाइड विथ मी’सोबत वाजणाऱ्या घंटांच्या त्या सुरांची मला चुकचुक लागते, पण ती माझी आवड झाली, धोरण नव्हे.

माझी हरकत ‘परकं’ या शिक्क्याला आहे. लंडनच्या ट्रफाल्गर चौकात दिवाळी साजरी होते, तेव्हा कुणी “हे कुठलं बाहेरचं?” म्हणालं तर आम्ही सगळे किती चिडू! काका तर पहिले.

परकेपणाच काढायचा होता, तर ख्रिस्ती सूर देशीही मिळाला असता. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी नगरला राहून येशूवर अभंग लिहिले. मराठी चर्चमध्ये टिळकांची भजनं आजही म्हणतात. त्यातल्या एखाद्याची चाल ब्रास बँडवर बसवणं लष्करी बँडमास्तरांना जड नाही. ‘ऐ मेरे वतन’ बसवलंच ना. ‘अबाइड विथ मी’ काढायला माझी ना नाही. त्या जागी टिळकांचा अभंग वाजवा, मग ग्रुपवर काकांच्या बाजूने मी भांडतो.