पुणे ते सॅन फ्रान्सिस्को : सतरा तास, साडेनऊ तास की चौतीस?

आमच्या मजल्यावरच्या काकू, वय ७८, पहिल्यांदाच मुलाकडे अमेरिकेला निघाल्यात. परवा मोबाइल घेऊन दारात उभ्या. "अगं, हे बघ, सतरा तास लिहिलंय. आणि तिकिटावर बुधवारी पहाटे दोनला निघून बुधवारीच सकाळी साडेअकराला पोचतंय. म्हणजे साडेनऊच झाले की!"

दोन्ही आकडे खोटे नाहीत आणि दोन्ही बिनकामाचे आहेत.

नेटवरचे ते सतरा तास म्हणजे शुद्ध भागाकार. पृथ्वीच्या गोलावर पुणे ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,५४० किलोमीटर. त्याला ताशी आठशेनं भागायचं, चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवायचा, झालं. मधे विमान आहे का, हे विचारायचंच नाही! पुण्याचा विमानतळ लोहगावला, त्याचा रनवे जेमतेम अडीच किलोमीटरचा, त्यात विमानतळ हवाई दलाचा. भरल्या टाकीचं मोठं विमान इथून अमेरिकेला उडत नाही.

बरं, ती सरळ रेघही कुणी धरत नाही. भिंतीवरच्या नकाशात अमेरिका डावीकडे दिसते, म्हणून आपण पश्चिमेला जातो असं वाटतं. दोरा गोलावर ताणून बघा, तो पुण्यातून जवळजवळ उत्तरेला निघतो. हिमालय, तिबेट, सायबेरिया, आर्क्टिक, अलास्का, मग खाली. पण तिबेटवरून जाणं विमानं टाळतात. केबिनमधला हवेचा दाब गेला तर पटकन दहा हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं, आणि तिथली जमीनच त्याहून उंच! शिवाय वारा. २०१६ मध्ये एअर इंडियानं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अंतर सुमारे चौदाशे किलोमीटरनं वाढलं, वेळ मात्र कमी झाला, कारण वरचा वारा पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो आणि तो पाठीशी आला. लांबचा रस्ता लवकर पोचवतो, हे पुण्यातल्या चांदणी चौकातून ये-जा करणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

साडेनऊचा घोळ सोपा आहे. तिकिटावर निघण्याची वेळ इथली, पोचण्याची तिथली. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेबारा तास मागे, थंडीत साडेतेरा. काकूंचं तिकीट उन्हाळ्यातलं, मधे एक विमान बदलून; साडेनऊ अधिक साडेबारा, म्हणजे खरे बावीस तास.

आणि मी चिडते ती इथे. ते बावीस तासही मुंबईच्या विमानतळावरून मोजलेले! कोथरूडहून गाडी आदल्या संध्याकाळी पाचलाच निघायला हवी. एक्सप्रेसवे ९४ किलोमीटरचा, पण खंडाळ्याच्या घाटात ट्रक बंद पडला की किलोमीटरला काय अर्थ? विमानाच्या आधी तीन तास पोचायचं, म्हणजे विमान सुटेपर्यंत नऊ तास घरातून बाहेर. मला स्वतःला या प्रवासात सगळ्यात जास्त दमवतात ते पहिले दीडशे किलोमीटर. जिथून लांबचं मोठं विमान उडत नाही अशा गावाला आपण अजूनही "एअरपोर्ट असलेलं शहर" म्हणतो, मग नवा टर्मिनल कितीही चकचकीत असो.

तिकडे उतरल्यावर इमिग्रेशनची रांग, बॅगा, मुलाच्या घरापर्यंत पाऊण तास. मी कागदावर मांडून दिलं : दार ते दार, चौतीस तास धरा. व्हीलचेअर तिकिटाबरोबरच सांगून ठेवा, गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा आणि त्या कुठल्या घड्याळानं घ्यायच्या ते डॉक्टरांना आत्ताच विचारून घ्या. उतरताना खाण्याच्या वस्तू कस्टम्सला सांगाव्या लागतात, तेव्हा डब्यातलं विमानातच संपवा.

काकूंनी कागद दोनदा वाचला. "चौतीस तास, म्हणजे चार वेळचं खाणं. आठ दशम्या पुरतील," म्हणाल्या आणि कणीक भिजवायला गेल्या. जायला अजून तीन आठवडे आहेत. ही म्हणे तालीम, दुसऱ्या दिवशी किती मऊ राहतात ते बघायला.