‘डोकं दुखतंय म्हणून चप्पल बदला’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

जुन्या ऑटोमॅटिक सुबारूच्या ऑल-व्हील ड्राइव्हवरच्या माझ्या लेखाखाली एक कमेंट आलीय. वळताना गाडी अडखळली तर आधी टायरचे घेर मोजा आणि फ्यूजची टेस्ट करा, असं मी त्यात लिहिलं होतं. नाव दिलेलं नाही. ती अशी: “वाचून हसू आलं. वळताना गाडी अडखळते म्हणजे सोलेनॉइड गेला, दहा वर्षं हेच बघतोय. टायर मोजायला सांगणं म्हणजे डोकं दुखतंय म्हणून चप्पल बदला असं झालं. तुमची फ्यूजची टेस्टपण अर्धवट आहे. अनुभव नसेल तर लिहू नये.” आणि पुढे तीन हसऱ्या स्मायली.

हसू आलं ना, छान. पण साहेब, चूक दाखवायची एक पद्धत असते. “मला असं वाटतं” एवढे तीन शब्द जोडले असते तर काही बिघडलं नसतं. मी फुकट लिहितो, कुणाला काही विकत नाही, आणि तुम्ही येऊन एका ओळीत माझा अनुभवच काढता. मी वडिलांच्या हाताखाली टॉर्च धरून गाड्यांच्या खाली झोपायला लागलो तेव्हा मला नीट लिहितापण येत नव्हतं. असो, हे सांगायची वेळ यायला नको होती.

आता ती चप्पल. हे वाक्य मला झोंबलं हे कबूल, आणि झोंबलं कारण ते चुकीचं आहे. या चार गिअरच्या गिअरबॉक्समध्ये मागच्या चाकांकडे ताकद जाते ती शेपटाकडच्या मल्टी-प्लेट क्लचमधून, म्हणजे तेलात बुडालेल्या चकत्यांची चवड, दाबली की पुढचं-मागचं एकत्र, सोडली की मोकळं. ती किती दाबायची हे कॉम्प्युटर ठरवतो, सोलेनॉइडमधून, म्हणजे विजेवर चालणाऱ्या तेलाच्या झडपेतून. वळताना पुढची चाकं मोठा घेर घेतात, मागची छोटा, तो फरक या चकत्यांनी घसरून पचवायचा असतो. नाही पचला की कोरड्या डांबरावर हँडल पूर्ण कापून हळू वळताना गाडी उड्या मारते, कुणीतरी हँडब्रेक ओढून ठेवल्यासारखी. तीच गाडी खडीवर किंवा ओल्या गवतावर मुकाट वळते कारण तिथे टायरच घसरून मोकळे होतात.

आता मागे दोन नवे टायर टाका आणि पुढे जुनेच राहू द्या. नव्याची नक्षी समजा ८ मिलिमीटर, जुन्याची ३. म्हणजे त्रिज्येत ५ चा फरक आणि घेरात तीसेक मिलिमीटरचा. दोन मीटरच्या आसपास घेर असलेल्या टायरला हे म्हणजे दर किलोमीटरमागे सात-आठ फेऱ्यांचा फरक, आणि तो वळतानाच नाही, सरळ रस्त्यावरपण, गाडी चालू आहे तोवर. चकत्या सतत घासणार, तेल तापणार, काळं पडणार, मग चकत्या चिकटणार. घेरातला फरक पाव इंचाच्या, म्हणजे साधारण ६ मिलिमीटरच्या आत ठेवा हा नियम उगीच नाहीये. कापडी टेप घ्या, टायरच्या मधल्या पट्ट्यावरून फिरवा, टोक अंगठ्याखाली घट्ट धरा, हवा चारही टायरमध्ये सारखी असू द्या. पाच मिनिटांचं काम आहे. याला चप्पल म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

आणि हे मी ऐकीव सांगत नाहीये. माझ्याच गाडीला मागे दोन नवे टायर घातले तेव्हा ती प्रत्येक वळणावर कण्हायला लागली, गॅरेजवाल्याने गिअरबॉक्स उतरवायची तयारीपण केली होती. मी चारही टायर सारखे केले, गिअरबॉक्सचं तेल दोन-तीनदा काढून भरलं (एका वेळी निम्म्याच्या आसपासच निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या तेलाच्या जोडात, बसून राहतं), आणि अडखळणं गेलं. सोलेनॉइडला हातही लावला नाही. तुमच्या दहा वर्षांत अशी एकही गाडी आली नसेल तर ती तुमच्यापर्यंत यायच्या आधीच कुणीतरी टायर बघितले असतील.

सोलेनॉइड जातो हो, मी कुठे नाही म्हटलं? वीज तुटली की क्लच लॉक होतो हे लेखात आहेच. पण बॉनेटखालच्या होल्डरमध्ये फ्यूज घातला (त्याने कॉम्प्युटरला क्लच सोडायला सांगितलं जातं), डॅशवर एफडब्ल्यूडीचा, म्हणजे फक्त पुढच्या चाकांना ताकद असल्याचा, दिवा लागला आणि अडखळणं थांबलं, तर सोलेनॉइड ऐकतोय आणि चकत्या सुटताहेत, मग तो बदलून काय साधणार? नाही थांबलं तर सोलेनॉइड किंवा क्लचच्या ड्रमला पडलेल्या खाचा, त्या दोन्हींत फरक करायला मल्टिमीटर लागतो, एवढ्यावरून टेस्टला अर्धवट म्हणायचं तर म्हणा, मी त्यात शिरत नाही. स्टार्ट करताना ऑइल टेम्परेचरचा दिवा १६ वेळा लुकलुकला तर कॉम्प्युटरमध्ये बिघाडाचा कोड आहे, तो आधी वाचा.

एक मान्य, शीर्षकात ‘ऑटोमॅटिक’ हा शब्द ठळक हवा होता. मॅन्युअलमध्ये व्हिस्कस कपलिंग, म्हणजे घट्ट द्रवावर चालणारा जोड असतो, तिथे फ्यूजबिज काही नाही, आणि प्लॅनेटरी सेंटर डिफरन्शियलवाल्या, म्हणजे पुढे-मागे ताकद गिअरनी वाटणाऱ्या, ऑटोमॅटिकमध्येपण नाही. आता शब्द टाकलाय. पण तुम्ही हे विचारलंच नव्हतं म्हणा.

पुढची कमेंट करताना चारही टायरचे घेर लिहा, मग बोलू. आणि बाकीच्यांसाठी: टेस्ट झाली की तो फ्यूज आठवणीने काढा. तसाच राहिला तर मागची चाकं नुसती मागून येत राहतात, आणि पुढच्या चिखलात अडकल्यावर तेच लोक ‘ऑल-व्हील ड्राइव्ह गेला’ म्हणून इथेच विचारायला येतात.