एक शाही, एक वाद

भांडवलशाही बरी की समाजवाद, असे कोणी विचारले तर आधी विचारणाऱ्याचे पोट पाहा. ते भरलेले असणार. रिकाम्या पोटी माणूस वडापावचा भाव विचारतो.

तरीही उत्तर द्यायची पाळी आलीच तर गोंधळू नका. निम्मे काम मराठीने करून ठेवले आहे. एकीच्या नावात शाही आहे, दुसऱ्याच्या नावात वाद. शाही कोणाच्या घरी जाते आणि वाद कोणाच्या गळ्यात पडतो, एवढे पाहिले की पुरे.

समाजवाद घ्यायचा असेल तर सवडीने घ्या. १९५५ साली आवडीच्या अधिवेशनात काँग्रेसने समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला. (आवडी हे मद्रासजवळचे गाव. तुमच्या आवडीनिवडीशी त्याचा संबंध नाही.) त्यानंतर स्कूटर हवी असणाऱ्याने नाव नोंदवायचे आणि दहा-दहा वर्षे थांबायचे. दूरदर्शी बाप मुलगा शाळेत असतानाच नंबर लावून ठेवत, म्हणजे त्याच्या लग्नाच्या बोलण्यांपर्यंत गाडी दारात येई. पण नुसते थांबू नका. नंबर लागला की गाडी शोरूमच्या पायरीवरच ‘ऑन’, म्हणजे वरचे पैसे, घेऊन विका. नवी गाडी कंपनीच्या भावात आणि एक दिवस वापरलेली त्याहून महाग, हा चमत्कार फक्त रांगेतच घडतो. नफ्याचे पहिले धडे आपल्या मध्यमवर्गाने तिथेच गिरवले, आणि फी सरकारने घेतली नाही.

त्या काळच्या प्राप्तिकराला घाबरू नका. १९७३-७४ मध्ये वरचा दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. म्हणजे वरच्या शंभरातले सव्वादोन रुपये श्रीमंताच्या हाती राहायचे. कागदावर. बाकीचे तो कागदावर येऊच देत नसे. तुमचा कर मात्र पगारातूनच कापला जाई, त्यामुळे देशातल्या मोजक्या प्रामाणिकांत तुमची गणना होत होती. ही प्रतिष्ठा जपा. व्यवस्था बदलली तरी ती तुमच्याकडून कोणी काढून घेणार नाही.

१९७२ च्या दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडायला गेलेल्या आज्यांना मात्र यातले काही विचारू नका. त्या म्हणतील, हजेरी लागली, सुकडी मिळाली, पोरं जगली. असल्या साक्षीने उपरोधाचा विरस होतो.

पुढे १९७६ साली ‘समाजवादी’ हा शब्द घटनेच्या सरनाम्यात आला. १९८९ पासून तर पक्षाची नोंदणी करताना समाजवादावर निष्ठा असल्याचे लिहून द्यावे लागते. तेव्हा एखाद्या बिल्डरच्या पैशावर पक्ष काढणार असाल तर ही अट विसरू नका. बिल्डरही विसरत नाही. तो फॉर्म बरोबरच घेऊन येतो.

रांगेचा कंटाळा आला असेल तर भांडवलशाही घ्या. आपल्याकडे ती २४ जुलै १९९१ च्या अर्थसंकल्पातून आली असे मानायची पद्धत आहे. चार वर्षांनी, ३१ जुलै १९९५ रोजी, देशातला पहिला मोबाइल कॉल कलकत्त्याहून दिल्लीला लागला. लावणारे गृहस्थ होते ज्योती बसू, म्हणजे कम्युनिस्ट मुख्यमंत्री. तेव्हा आलेल्या कॉललाही पैसे पडत. समोरच्याने बोलायचे आणि भरायचे आपण, ही सवय लोकांना निवडणुकीच्या भाषणांनी आधीच लावलेली होती, म्हणून कोणी तक्रार केली नाही.

आता तुमच्या हुद्द्याविषयी. समाजवादात तुम्ही मालक असता. १९५३ साली एअर इंडिया टाटांकडून सरकारकडे आली, म्हणजे तुमच्याकडे आली. आकाशात घरघर ऐकू आली की अंगणात जायचे, मान वर करायची आणि आपली मालमत्ता बघून परत भात ढवळायला जायचे. जानेवारी २०२२ मध्ये ती पुन्हा टाटांकडे गेली. कर्ज होते ६१ हजार कोटींच्या वर, त्यातले १५,३०० कोटी त्यांनी उचलले. उरलेले ४६ हजार कोटी सरकारच्याच दुसऱ्या एका कंपनीत हलवले. विमान गेले, हप्ते राहिले. मालकाला हे सोसावेच लागते.

भांडवलशाहीत तुम्ही पार्टनर असता. पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन भर पावसात दुसऱ्याची बिर्याणी पोचवणाऱ्या पोराला कंपनी नोकर म्हणत नाही, डिलिव्हरी पार्टनर म्हणते. गाडी त्याची, पेट्रोल त्याचे, घसरला तर गुडघाही त्याचाच. एवढी भागीदारी सख्ख्या भावांतही नसते.

दोन्ही व्यवस्था एकाच ठिकाणी, एकाच तिकिटात बघायच्या असतील तर दादर-परळला या. येताना भागाकार शिकून या.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. १९८३ साली सरकारने मुंबईतल्या १३ गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. समाजवाद आला म्हणून पेढे वाटावेत, असाच तो क्षण होता. त्यातल्या कोहिनूरची शिवाजी पार्कजवळची तीन नंबरची गिरणी २००५ साली लिलावात ४२१ कोटींना गेली. आजारी म्हणून घेतली आणि जमीन म्हणून विकली. मधल्या काळात तुम्ही तिचेही मालक होता, पण तुम्हाला कोणी सांगितले नाही.

भागाकार पुढे आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम होता. गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन भाग करायचे: एक महापालिकेला बागमैदानासाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. इतका सोपा हिशेब की चौथीतल्या पोरालाही जमावा, आणि नेमका तोच त्याचा दोष होता. २००१ साली दुरुस्ती झाली. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची, शेड पाडून जी मोकळी होईल ती त्यात धरायची नाही. गिरणीत शेडच शेड असते. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा भागाकार बरोबर ठरवला. मैदानाचा तिसरा हिस्सा कुठे गेला म्हणून विचारू नका. लिफ्टने वर जा आणि खिडकीतून बघा. खिडकीपर्यंत सोडले तर.

कामगारांच्या घरांसाठी दीड लाखाहून अधिक अर्ज आले. त्यांच्यासाठी म्हाडाने सोडत ठेवली. सोडत ही फार थोर संस्था आहे: घर सरकारी म्हणून समाजवाद समाधानी, आणि जुगार असल्यामुळे भांडवलशाहीही खूश. अलीकडे शेलू आणि वांगणीलाही घरे देऊ केली आहेत. काही म्हातारे कामगार त्यावरून रस्त्यावर उतरले. त्यांना समजवा, वांगणीची हवा चांगली आहे. जिथे चाळीस वर्षे कापसाची धूळ खाल्ली, तिथेच राहायचा हट्ट कशाला?

वारस म्हणून तुम्हाला अर्ज करायचा असेल तर वडिलांची ट्रंक उघडा. तिकीट नंबर, हजेरीपत्र, गिरणीचा लाल पास, जे सापडेल ते प्लास्टिकमध्ये घालून जपा. लोअर परळच्या मॉलच्या दारात मात्र लाल पास काढू नका. तिथल्या गार्डला फक्त पिशवी उघडून दाखवायची असते. डबा आत न्यायला परवानगी नाही, असे तो सांगेल. त्याच्याशी वाद घालू नका. त्याचे वडीलही इथेच, गिरणीत साच्यावर होते.