दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: आधी स्क्वॉट, मग ट्रेडमिल

नमस्कार. तुम्ही २१ किलोमीटरच्या शर्यतीची तयारी करायला आमच्या पणजीच्या जिममध्ये आलात आणि ट्रेनरने ट्रेडमिलच्या आधी स्क्वॉट-डेडलिफ्ट (खांद्यांवर वजन घेऊन उठाबशा आणि जमिनीवरून वजन उचलणं) करायला लावलं, ही तुमची मुख्य तक्रार. वजनं उचलून धावणारा जड होतो, कार्डिओने मसल जातो, मग दोन्ही एकत्र कशाला, असंही तुम्ही विचारलंय.

ही भीती अगदीच निराधार नाही. १९८० साली रॉबर्ट हिक्सन या अमेरिकी संशोधकांचा दहा आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. वजनं आणि कार्डिओ दोन्ही करणाऱ्यांची ताकद आधी वाढली आणि शेवटच्या आठवड्यांत घसरली. पण ती मंडळी आठवड्याचे पाच दिवस जड वजनं उचलायची आणि सहा दिवस जोरदार सायकलिंग नाहीतर धावणं. तुमच्या तक्त्यात वजनं दोनच दिवस आहेत. तेवढ्याने कुणी जड होत नाही. दम तर हिक्सन यांच्या प्रयोगातही कमी झाला नव्हता. उलट पायांत ताकद आली की त्याच वेगाने धावायला कमी ऑक्सिजन लागतो, आणि शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात तेच कामाला येतं.

वजनं आधी, कारण पाय तेव्हा ताजे असतात. दमलेल्या पायांनी स्क्वॉटला बसलं की गुडघा आत वळू शकतो, आणि त्या क्षणी खांद्यांवर बार असतो. तिथे आम्ही तडजोड करणार नाही. दमलेल्या पायांनी सावकाश धावता मात्र येतं. पाय थकला की पट्ट्यावर पावलाचा आवाज वाढतो, तो ऐकूनच ट्रेनर तुमचा वेग उतरवत होता. तुम्हाला ते अडवणूक वाटलं, पण तो तुमची काळजी घेत होता. शनिवारी लेग्ज, म्हणजे पायांचे वजनांचे व्यायाम, करू दिले नाहीत तेही रविवारच्या लाँग रनसाठीच.

ट्रेडमिलला वीस मिनिटांची मर्यादा फक्त संध्याकाळच्या गर्दीत असते. सकाळी हवा तेवढा वेळ वापरा. खरं सांगायचं तर लांब पल्ल्याला मिरामार ते दोनापावला रस्ताच बरा, तोही उजाडायच्या आत. आपल्याकडच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग तापत राहतं, त्याची सवय एसीत होणार नाही.

वजनं आणि धावणं एकाच वेळी जमत नसेल तर वजनं सकाळी आणि धावणं संध्याकाळी, असा तक्ता बदलून देऊ. शर्यतीची तारीख तेवढी कळवा. शेवटच्या आठवड्यात वजनं कमी करावी लागतील.