आवाज नवा होता तेव्हा तो जपून वापरायचे

जुन्या मराठी बोलपटांचा विषय निघाला की आमच्या ग्रुपवर दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी 'काय ते दिवस होते' म्हणत हात जोडते. दुसरी म्हणते, 'सगळे नाटकात बोलल्यासारखे बोलतात, अडीच तास कोण बसणार?' मला दोघांशीही भांडायचंय. हात जोडणाऱ्यांनी यातला एकही सिनेमा इतक्यात बघितलेला नसतो, नुसती गाणी ऐकलेली असतात.

दुसऱ्यांचं थोडं खरंय, ते आधी मान्य करून टाकतो. प्रभात कंपनीचा, व्ही. शांतारामांनी दिग्दर्शित केलेला १९३२ चा 'अयोध्येचा राजा' आज बघताना दम लागतो. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र झालेत, संगीतही त्यांचंच. त्यामुळे राजा संकटात असला तरी गाणं पूर्ण झाल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. दुर्गाबाई खोटे पडद्यावर आल्या की तेवढी नजर ठरते. तरी तो एकदा बघाच, कारण आपला पहिला बोलपट 'आलम आरा', त्याची प्रिंट कुठेच उरलेली नाही आणि आपल्याकडे बोलपटाने तोंड कसं उघडलं ते बघायला हाच हाताशी आहे.

आता त्यानंतर लगेच १९३७ चा 'कुंकू' लावा. तीच प्रभात कंपनी, तेच शांताराम, मधे फक्त पाच वर्षं. कंपनी तोवर कोल्हापूरहून पुण्याला गेली होती. पण एवढ्या थोड्या काळात ही माणसं कुठून कुठे पोचली!

'कुंकू'त पार्श्वसंगीत नाही. पुन्हा सांगतो, अजिबात नाही. म्हातारा नवरा आणि फसवून लग्न लावून दिलेली तरुण मुलगी असा विषय. आजचा कुणी असता तर पहिल्या दहा मिनिटांत सनई रडवली असती. इथे घड्याळाची टिकटिक आहे, दारं आहेत, पावलं आहेत, माणसांचे आवाज आहेत. घरात जे वाजेल तेवढंच आपल्याला ऐकू येतं. कुणी गायलं तरी ते त्या घरातलं नाहीतर रस्त्यावरचं माणूस गातंय असंच वाटतं. 'मन सुद्ध तुझं' गात मास्टर परशुराम रस्त्याने येतो ना, तो असाच. केशवराव भोळ्यांसारखा संगीतकार हाताशी असताना त्यांना बाकीच्या वेळी गप्प बसवायचं, याला छाती लागते.

आणि त्या शांततेत नीरा झालेली शांता आपटे काय उभी राहिलीय! ती नवऱ्याला नवरा मानायला तयार नाही, आणि हे ती रडून सांगत नाही. केशवराव दाते काकासाहेब झालेत. मिशीला कलप लावणारा म्हातारा हसण्यावारी नेणं सोपं होतं, पण फुटलेल्या आरशात त्यांचीच तोंडं त्यांना दिसतात तो प्रसंग बघा. माणूस स्वतःपुढे उघडा पडतो म्हणजे काय, ते दात्यांनी चेहऱ्यावर दाखवलंय. मला तर नीरापेक्षा त्यांच्याचकडे जास्त बघावंसं वाटतं. (शकुंतलाबाई परांजपे समाजसेविका होऊन येतात तेव्हा मात्र सिनेमा थोडा व्याख्यानाला बसतो. असू दे.)

हे सगळं आम्हा सातारकरांनी तरी मिरवायला हवं. 'कुंकू' ज्या कादंबरीवर बेतलाय, ती 'न पटणारी गोष्ट' लिहिली नारायण हरी आपट्यांनी. जन्म सांगलीकडच्या समडोळीचा आणि संसार, छापखाना, लेखन आपल्या सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावात. कोरेगाव म्हटल्यावर आपल्याला वाघ्या घेवडा आठवतो, फार तर पुसेगावला जाताना लागणारी गर्दी. तिथे बसून एका माणसाने जरठ-बाला विवाहावर अशी गोष्ट लिहिली, की मराठीत 'कुंकू' आणि हिंदीत 'दुनिया न माने' असे दोन सिनेमे त्यावर झाले. गावात शिकणाऱ्या किती पोरांना हे माहिती असेल?

'संत तुकाराम'चं तर सगळ्यांना माहिती असतं, म्हणून थोडक्यात. १९३६ चा, दामले-फत्तेलालांचा, दुसऱ्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात नावाजलेला. 'आधी बीज एकले' हा अभंग तुकोबांचाच, असं छातीठोक सांगणारे अजून भेटतात. तो गीतकार शांताराम आठवल्यांचा आहे. पण माझ्या लेखी हा सिनेमा तुकोबा झालेल्या पागनीसांइतकाच गौरीबाईंच्या जिजाईचा. पोर आजारी पडल्यावर चप्पल घेऊन देवळात विठोबाला जाब विचारायला निघालेली ही बाई आपल्या माण-खटावात कुठल्याही वाडीत भेटेल. तिचं बोलणं नाटकी आहे म्हणणाऱ्याने एकदा आपल्या मावशीचं भांडण ऐकावं.

वडिलांनी हा सिनेमा जत्रेतल्या तंबूत पाहिला होता. एका बाजूला बाया, दुसरीकडे बापे, मागे मशीनची घरघर, बाहेर पाळण्यांचा गोंगाट. गरुड आला की लोक हात जोडायचे म्हणे. ऐकताना मला नेहमी 'कुंकू'चीच काळजी वाटते. त्या घरघरीत घड्याळाची टिकटिक कुणाला ऐकू गेली असणार? उलट आज आपल्याकडे कानात घालायची यंत्रं आहेत, आणि आपण जुना सिनेमा बघतो तो मोबाईलवर, भाजी निवडता निवडता.

माझी एक तक्रार मात्र राहतेच. शेवटी काकासाहेब स्वतःच नीराचं कुंकू पुसतात, चिठ्ठी लिहितात आणि जीव देतात. ज्या मुलीने अख्खा सिनेमाभर एकटीने टक्कर दिली, तिची सुटका अखेर म्हाताऱ्याच्याच हातून व्हावी? शांतारामांना दुसरा शेवट सुचला नाही की तेव्हाच्या लोकांना पचला नसता, हे मला अजून ठरवता येत नाही. तुमच्या घरातल्या कुणा आजीने 'कुंकू' थिएटरात किंवा तंबूत पाहिल्याचं सांगितलं असेल, तर त्या प्रसंगाला बायांच्या बाजूने काय आवाज आला होता, तेवढं खाली लिहा.