मालमत्तेचा हक्क कायद्याच्या आधीचा आहे काय?

‘मालमत्तेचा हक्क निसर्गदत्त आहे, श्रम केले की वस्तू आपली होते, कायदा मागाहून येऊन तिची केवळ नोंद करतो, आणि म्हणून कर म्हणजे चोरीच होय,’ हा युक्तिवाद वारंवार मांडला जातो. त्यातील विधाने एकेक करून तपासली पाहिजेत.

श्रमाचे विधान इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांच्या सतराव्या शतकातील मांडणीतून येते. मात्र इतरांसाठी पुरेसे आणि तितकेच चांगले शिल्लक राहिले पाहिजे, ही त्यांचीच अट हे विधान उद्धृत करताना सोयीस्करपणे गळते. खासगी मालकीचे खंदे समर्थक असलेले अमेरिकी तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यांनीही, वस्तूत आपले श्रम मिसळले की ती आपली होते या कल्पनेवर शंका घेत, १९७४ मध्ये विचारले होते की, माझ्या मालकीचा टोमॅटोचा रस मी समुद्रात ओतला, तर समुद्र माझा होतो की माझा रस वाया जातो?

कायदा मागाहून येतो, हे विधान अधिक दिशाभूल करणारे आहे. न्यूयॉर्कमधील १८०५ च्या एका प्रसिद्ध खटल्यात पोस्ट नावाचा शिकारी कुत्र्यांसह कोल्ह्याचा पाठलाग करीत असताना पिअर्सन नावाच्या दुसऱ्याच माणसाने तो कोल्हा मारून नेला. केवळ पाठलागाने मालकी उत्पन्न होत नाही, असा निर्णय बहुमताने झाला. एका न्यायाधीशाचे मत मात्र उलट पडले. श्रम दोघांचेही होते. त्यांपैकी कोणाच्या श्रमापुढे इतरांनी माघार घ्यावी, हे निसर्ग सांगत नाही. मालकी हा माणूस आणि वस्तू यांच्यापेक्षा माणसामाणसांतील संबंध आहे, कारण माझ्या प्रत्येक हक्कासमोर दुसऱ्या कोणाचे तरी बंधन उभे असते. (पेटंटचा हक्क साधारणतः वीस वर्षांनी संपतो, ही मुदत निसर्गाने ठरविली, असे कोणीही म्हणणार नाही.)

‘चोरी’ हा आरोप तर चक्राकार आहे. चोरी ठरविण्यासाठी आधी मालकी कुठवर पोहोचते हे ठरावे लागते, आणि ती मर्यादा ज्या कायदेव्यवस्थेने आखली, तिच्यातच कराची तरतूदही असते. एखादा कर अन्याय्य असू शकतो, पण ते वेगळ्या कारणांनी सिद्ध करावे लागेल.

यावर, कायद्याने जे दिले ते सरकार हवे तेव्हा काढून घेईल, अशी भीती व्यक्त होते. ती निराधार नाही, पण तिचे उत्तरही कायद्यातच मिळते. जमिनीची मालकी आकाशापर्यंत जाते हा जुना सिद्धान्त अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४६ मध्ये कॉस्बी खटल्यात नाकारला. तरीही लष्करी विमानांच्या अतिशय कमी उंचीवरील उड्डाणांमुळे ज्याचा कोंबडीपालनाचा व्यवसाय बुडाला, त्या जमीनमालकाला सरकार भरपाई देणे लागते, असेही त्याच निकालात ठरले.