चुन्याची निवळी ड्रममध्ये भरा आणि विसरा? जरा थांबा

उन्हाळा तोंडावर आला की खाऱ्या पाण्याच्या काचटाकीत कोरल (प्रवाळ) पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरायला लागतो. सार असं: कोरलना कॅल्शियम देणारं कल्कवासर म्हणजे आपली चुन्याची निवळीच. पानटपरीवरचा चुना उकळत्या पाण्यात ढवळा, ते दुधी पाणी ऑटो टॉप-ऑफच्या ड्रममध्ये भरा. टाकीतलं पाणी वाफ होऊन उडेल तसं ते आत जाईल. कॅल्शियम, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद), मॅग्नेशियम, पीएच सगळं आपोआप जागेवर राहील.

पहिलं वाक्य खरं आहे. पुढे मात्र एकेक गंमत आहे.

उकळतं पाणी कशाला? साखरेचा न्याय चुन्याला लागत नाही. पाणी तापेल तसा तो कमी विरघळतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे १.७ ग्रॅम, उकळत्या पाण्यात त्याच्या निम्म्याहूनही कमी. साधं गार आरओचं पाणी घ्या.

दुधी पाणी तर अजिबात नको. निवळी म्हणतात ती निवळते म्हणून! माझी आजी रात्री तांब्यात चुना कालवून ठेवायची आणि सकाळी न हलवता वरचं स्वच्छ पाणी काढायची. कॅल्शियम, अल्कलिनिटी जे काही मिळायचं ते त्या वरच्या पाण्यातच असतं. खालचा गाळ टाकीत गेला की तिथल्या तिथे पीएच उसळतो, कॅल्शियम कार्बोनेट साकळतं आणि पंप-हीटरवर पुटं चढतात.

टपरीवरचा चुना जातीने तोच, पण ओला. त्यात पाणी किती, भेसळ किती, कुणाला ठाऊक? शुद्धता लिहिलेली कोरडी पावडर आणा, विषय संपला.

मॅग्नेशियमचं तर सपशेल खोटं. एवढ्या चढ्या पीएचला, साडेबाराच्या आसपास असतो तो, मॅग्नेशियम पाण्यात राहतच नाही, तळाशी बसतं. १३०० पीपीएमच्या आसपासचा आकडा वेगळा सांभाळावा लागतो. कॅल्शियम आणि अल्कलिनिटी निवळीतून मिळतात, पण बांधलेल्या जोडीनेच: २० पीपीएम कॅल्शियमबरोबर २.८ डीकेएच (हे अल्कलिनिटीचं माप). त्यामुळे बसलेली घडी ती टिकवते, विस्कटलेली बसवून देत नाही.

आता ड्रमकडे येतो, कारण इथे मी स्वतः पोळलोय. माझी टाकी २०० लिटरची. डिसेंबरात दिवसाला २ लिटर पाणी उडतं. तेवढी निवळी म्हणजे रोज साधारण ८ पीपीएम कॅल्शियम आणि १.१ डीकेएच, माझे कोरल जवळपास तेवढंच खातात. सगळं इतकं सुरळीत की मीच तो मेसेज चार जणांना पाठवला होता. मग मे आला. पारा ४२च्या वर, हवा कोरडी ठाक, सम्पवर (मुख्य टाकीला जोडलेल्या खालच्या टाकीवर) रात्रंदिवस पंखा. ५ लिटर उडायला लागलं आणि ड्रमने इमानेइतबारे ५ लिटर निवळी आत सोडली. पंखा लावला म्हणून कोरलची भूक अडीचपट होत नाही! चौथ्या दिवशी टेस्ट किट काढलं. थेंब टाकतोय, टाकतोय, रंग बदलायचं नाव घेईना. ८ वरून १४ डीकेएच. अ‍ॅक्रोपोरा जातीच्या कोरलची टोकं पांढरी पडली होती. निवळी बंद केली, साधं आरओ भरत राहिलो आणि आकडा आपोआप उतरू दिला.

पावसाळ्यात हेच उलटं. हवा दमट, पाणी कमी उडतं आणि कोरल उपाशी. म्हणजे आमच्या सोलापूरच्या हवेला डोस ठरवू दिला, तर वर्षातून दोनदा तरी फसगत ठरलेली.

पीएचचं मात्र मेसेजवाल्यांचं बरोबर आहे. उन्हामुळे दारं-खिडक्या बंद, माणसं घरात, कार्बन डायऑक्साइड साचतो. निवळी तो शोषून घेते. रात्री दिवे बंद असताना टाकीचा पीएच उतरतो, म्हणून मी टायमरवरच्या डोसिंग पंपाने रात्रीच थोडी थोडी सोडतो, टेस्ट किट सांगेल तेवढी. उरलेली तूट फ्लोटवरून साध्या आरओने भरते.

ड्रमला घट्ट झाकण आहे. उघडा ठेवला की हवेने दुधावरच्या सायीसारखी पापडी धरते आणि निवळीचा कस जातो. झाकणावर मार्करने ठळक लिहिलंय, 'पिण्याचं पाणी नाही'. चार-चार दिवसांनी नळ येणाऱ्या गावात पाहुण्यांना घरातला प्रत्येक ड्रम पिण्याचाच वाटतो.